भ कोणाचा?

दलित साहित्याने शाळेची झडती घेतली. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि पुढच्या कितीतरी आत्मकथनांत वर्गाच्या कडेला बसवलेले पोर आपण पाहिले. परंतु त्या पोराच्या हाती पडलेल्या पहिल्या पुस्तकात काय छापले होते, याची समीक्षा आपण फारशी केली नाही. बालगीत निरागस असते आणि अंकलिपी ही किरकोळ वस्तू, असे आपण धरून चाललो. हे धरून चालणे मला घातक वाटते.

बाजारातली अंकलिपी उघडा. ग गणपतीचा, ऋ ऋषीचा, भ भटजीचा, क्ष क्षत्रियाचा, ज्ञ यज्ञाचा. प्रत्येक प्रतीत हे सगळेच असते असे नाही, पण हा साचा आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. अक्षर ओळखायला तोंडात आधीच रुळलेला शब्द लागतो. ज्याच्या घरी यज्ञ नाही त्याला अक्षरही परके, शब्दही परका. ज्याच्या घरी तो आहे, ते मूल मात्र हुशार ठरते! बडबडगीतांतले घरही असेच ठरलेले : वाडा, तूप, अंगणातली तुळस, दिवसभर घरात असलेली आई. विंदा करंदीकरांनी ‘राणीची बाग’ (१९६१) सारख्या पुस्तकांतून उपदेशाला फाटा देऊन मुलांना मोकळे हसू दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. बाकीचा ढीग मात्र पांढरपेशा माजघरातलाच आहे.

मी चंदगड तालुक्यात शिकवतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा मुलूख बेळगाव जिल्ह्यात होता. इथल्या बोलीत कन्नड आहे, कोकणी आहे. आया भाताच्या लावणीला, उसाच्या भांगलणीला आणि काजूच्या कारखान्यात जातात. ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीला काम करताना, वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. पण पुस्तक काही माजघराबाहेर आले नाही.

यावर आपले कार्यकर्ते म्हणतात, भ भीमाचा करा, ब बुद्धाचा करा. त्यामागचा स्वाभिमान मला समजतो, तो माझाही आहे. तरीही साचा तोच राहतो : एक तसबीर काढून दुसरी लावायची आणि मुलाने हात जोडायचे. ज्या बाबासाहेबांनी विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला, त्यांच्या नावाने हे करणे विचित्र आहे. तीन वर्षांच्या मुलाला घोषणा नको आणि आपले दुःखही नको. त्याला नाद हवा. भ भाकरीचा होऊ द्या, भीम त्याला पुढे कळेल.

नाद आपल्या घरांत नव्हता असेही नाही. जात्यावर बाया बाबासाहेबांच्या ओव्या गात होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी अशा हजारो ओव्या गोळा केल्या. गिरणी आली, जाते थांबले, आणि पाळण्याशी रेडिओ बसला.

एका वस्तीत आम्ही आयांना बसवून पाठकोऱ्या कागदांची पुस्तके शिवली. काजूच्या चिकाने काळी पडलेली बोटे एकीने काढली. मुलांनी ती लगेच ओळखली, पण पुन्हापुन्हा मागितले ते गळक्या छपराचे पान. त्यावर नुसते थेंब आणि खाली मांडलेली भांडी. पातेल्याचा आवाज वेगळा, पितळी तांब्याचा वेगळा. ते मुलांनीच ठरवले. आईला त्या पानाची लाज वाटत होती. पोरे मात्र हसून लोळत होती.

वाद झाला तो काजूच्या चित्राखाली काय लिहायचे यावर. सोबतच्या शिक्षकांचे म्हणणे, ‘बोंडू’ लिहिले तर पोर पहिलीत अडेल. माझे म्हणणे, पहिलीत गेल्यावर ते ‘काजूफळ’ही शिकेल, एका फळाला दोन नावे असणे सीमेवरच्या पोरांना नवे नाही. तूर्त दोन्ही लिहिले आहे, बोंडू वर आणि मोठ्या अक्षरात.