स्तोत्रसंहितेतील गाऱ्हाणे

दलित साहित्याची चर्चा करताना वेदना, नकार आणि विद्रोह हे शब्द आपण सहज वापरतो. 'आशा' हा शब्द मात्र आपल्याला संशयास्पद वाटतो, आणि 'ईश्वरावरील भरवसा' तर थेट विरोधी गोटातला. याला सबळ कारण आहे. देवावर भार टाकून सोसत राहा, पुढल्या जन्मी फळ मिळेल, असे शतकानुशतके आपल्याला ऐकवले गेले; १९५६ साली नागपूरला आपण ते नाकारले. परंतु एखादा शब्द शोषकांनी वापरला म्हणून तो कायमचा त्यांच्या मालकीचा होतो काय? बायबलमधील स्तोत्रसंहिता वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही. नगर-जालना भागात आपल्याच महार-मांग वस्त्यांतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांनी हा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या उशाशी बाळगला. त्यांची आशा म्हणजे निव्वळ भाबडेपणा, असा निकाल ग्रंथ न वाचता देणे हे समीक्षेचे काम नव्हे.

स्तोत्रसंहितेत १५० रचना आहेत. त्या पाच भागांत विभागलेल्या असून ७३ रचनांवर दावीद राजाचे नाव आहे. संग्रहाचे हिब्रू नाव 'तहिल्लीम', म्हणजे स्तुतिगीते. मराठी भाषांतरकारांनी 'स्तोत्र' हा शब्द घेतला आणि मराठी वाचकाच्या मनात पोथी, पठण, पुण्य अशी साखळी उभी राहिली. प्रत्यक्षात यांतील सुमारे एक तृतीयांश रचना तक्रारीच्या आहेत. त्यांना आपल्या बोलीतला नेमका शब्द आहे: गाऱ्हाणे. गाऱ्हाणे घालणारा माणूस भीक मागत नसतो. ऐकणाऱ्यावर आपला हक्क आहे, हे त्याने गृहीत धरलेले असते.

हेर्मान गुंकेल या जर्मन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या रचनांचे प्रकार पाडले. तक्रारगीताची घडण त्यामुळे स्पष्ट झाली: आधी हाक, मग तक्रार, मग मागणी आणि बहुधा शेवटी विश्वास. १३वे स्तोत्र अवघ्या सहा ओव्यांएवढे आहे. त्यात 'हे कुठवर चालायचे' हा प्रश्न चार वेळा विचारलेला आहे आणि त्यानंतरच भरवशाचे वाक्य येते. हा क्रम महत्त्वाचा आहे. येथे भरवसा तक्रारीचे तोंड बंद करत नाही. तक्रार पुरती बोलून झाल्यावर तो उरतो. ८८व्या स्तोत्रात तर तोही उच्चारलेला नाही. ते अंधारातच संपते. तरीही संग्राहकांनी ते गाळले नाही, त्याला शेवटी गोड कडवे जोडले नाही. दुःखाच्या प्रामाणिकपणावर एवढा विश्वास प्रस्थापित मराठी भक्तिवाङ्मयाच्या समीक्षेने तरी क्वचितच दाखवला आहे.

आपल्या दृष्टीने ४४वे स्तोत्र सर्वांत मोलाचे. एक पराभूत समाज देवापुढे उभा आहे. कत्तलीच्या मेंढरांसारखी आपली गत झाली, हे तो सांगतो. आणि पुढे ठामपणे बजावतो की आम्ही तुला विसरलो नव्हतो, करार आम्ही मोडलेला नाही. मग तू झोपलास कसा? ऊठ! येथे दुःखाचे खापर दुःखिताच्या माथी फोडलेले नाही. हाच फरक आपण चोखोबांच्या संदर्भात तपासून पाहावा. चोखोबांनीही विठ्ठलाला जाब विचारला आणि त्या आर्ततेपुढे आपण नतमस्तक होतो. पण त्यांच्या काही अभंगांत या जन्मीचे हीनपण मागल्या जन्मीच्या कर्माशी जोडलेले आढळते. दोष चोखोबांचा नाही. पायरीशी उभ्या माणसाला व्यवस्थेने दिलेले तेवढेच स्पष्टीकरण होते. स्तोत्रकारांच्या हाती कर्मविपाकाचा सिद्धांत नव्हता. स्वतःच्या पापाची कबुली देणारी स्तोत्रे आहेत, परंतु ती पापे याच जन्मीची, आपल्या हातून घडलेली आहेत. जन्म हा गुन्हा तेथे नाही.

८२वे स्तोत्र याच्याही पुढे जाते. देवांची सभा भरली आहे आणि त्यांच्यावरच खटला चालू आहे. आरोप एकच: तुम्ही दुर्जनांच्या बाजूने निवाडा केलात, गरीब, पोरके, दुबळे यांना न्याय दिला नाहीत. शिक्षा अशी की तुम्ही माणसांसारखे मराल. देवपणाची कसोटी न्याय, आणि जो देव त्या कसोटीला उतरत नाही तो मेला, हे एका धर्मग्रंथाने स्वतः सांगावे ही लहान गोष्ट नाही.

अशा आशेची धास्ती मालकांना होती. १८०७ साली लंडनमध्ये, ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी म्हणून बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली. इजिप्तच्या गुलामीतून इस्राएलांची सुटका त्यातून वगळली होती आणि स्तोत्रसंहिता तर सबंधच काढून टाकली होती. ती केवळ अफू असती, तर गुलामांना ती आधी वाटली गेली असती. पुढे ५ जुलै १८५२ रोजी फ्रेडरिक डग्लस या एकेकाळच्या गुलामाने अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा ढोंगीपणा उघडा पाडताना १३७व्या स्तोत्राचाच, बाबेलच्या नदीकाठी रडणाऱ्या बंदिवानांच्या गीताचाच आधार घेतला.

कात्री मात्र प्रार्थनामंदिरांतही चालते. २३वे, मेंढपाळाचे स्तोत्र सर्वांना पाठ असते. ४४वे आणि ८८वे किती जणांनी ऐकलेले असते? वॉल्टर ब्रूगमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ साली इशारा दिला होता की उपासनेतून तक्रार हरवली की न्यायाचा प्रश्नही हरवतो. आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे. ज्याच्या दफनभूमीतही जातीची भिंत आहे, त्याला फक्त हिरव्या कुरणाचे गीत देणे म्हणजे पुन्हा एकदा गप्प बसवणे होय.

मात्र स्तोत्रसंहितेची आरतीही करण्याचे कारण नाही. नीतिमान माणूस टाकलेला किंवा त्याची लेकरे भीक मागताना आपण कधी पाहिली नाहीत, असे ३७व्या स्तोत्राचा म्हातारा कवी सांगतो. आपण पाहिली आहेत. हा पोटभरल्याचा अनुभव आहे आणि त्याला आपला नकार नोंदवलाच पाहिजे. तसेच १३७व्या स्तोत्राच्या शेवटी शत्रूची तान्ही मुले खडकावर आपटण्याची भाषा येते. त्या क्रोधाचे कारण समजते. त्याचे समर्थन करता येत नाही. बुद्धाच्या वाटेने निघालेल्यांनी तर ते मुळीच करू नये.

मी बौद्ध आहे. जगाचा कर्ता मी मानत नाही. तरीही या गाऱ्हाण्यांतून एक गोष्ट घेण्यासारखी वाटते. आशा म्हणजे सर्व ठीक होईल ही समजूत नव्हे. आपल्यावर झाले ते अन्याय होते, आपली करणी नव्हती, आणि कोणीतरी याचे उत्तर देणे लागतो, हा आग्रह म्हणजे आशा. बाबासाहेबांनी हा आग्रह देवाच्या दरबारातून काढून राज्यघटनेच्या दरबारात आणला. त्या दरबारातही गाऱ्हाणी संपलेली नाहीत. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतले गेले, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेर राहिले. आपली नोंद झाली म्हणून त्यांच्या हाकेला आपण कान बंद करावेत काय? ४४वे स्तोत्र झोपलेल्या देवाला उद्देशून आहे. आज ते वाचताना झोपलेले कोण, हे आपणही स्वतःला विचारले पाहिजे.