दहा हजार रुपयांची गोष्ट आणि तुमचा संशोधन प्रस्ताव

प्रस्ताव लिहायला बसलं की एक मोह होतो. चांगली गोष्ट हाती लागली, की कारणच सापडलं असं वाटतं. माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात इन्फोसिसच्या गोष्टीनं होती: १९८१ साल, पुणे, सात अभियंते आणि सुधा मूर्तींनी साठवलेले १०,००० रुपये. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं, "पैसे अनेकांनी लावले. बाकीचे कुठे गेले?" माझं दोन महिन्यांचं काम त्या एका ओळीत वाहून गेलं.

गोष्ट खोटी नाही. पण ती कारण म्हणून सांगितली जाते, ही अडचण आहे. आमच्या घाटंजीकडे कपाशी चांगली पिकली तर कुणी नुसत्या बियाण्याचं कौतुक करत नाही. पाऊस कधी आला, जमीन भारी की हलकी, भाव काय मिळाला, हे आधी विचारतात. कंपनीच्या इतिहासालाही हेच विचारून बघा.

हे सातही जण आधी पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये होते, म्हणजे धंदा शिकून आलेले. पहिला ग्राहक न्यूयॉर्कचा. १९८३ मध्ये कंपनी बंगळूरला गेली. टेलिफोनसाठी वर्षभर थांबावं लागलं, संगणक आयातीच्या परवान्याला त्याहून जास्त वेळ लागला, हे नारायण मूर्ती स्वतःच भाषणांत सांगतात. १९९१ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. कमाई डॉलरमध्ये आणि बहुतेक पगार रुपयांत, हे गणित निर्यातदारांच्या बाजूनं आणखी झुकलं. परवाने सैल झाले, निर्यातीला करसवलत मिळाली. तरीही १९९३ मध्ये ९५ रुपयांचा शेअर बाजारात पूर्ण खपला नाही. मॉर्गन स्टॅन्लीनं हिस्सा घेतला तेव्हा निभावलं. नॅस्डॅकवर नोंदणी झाली ती १९९९ मध्ये.

आता सर्वांत उपयोगी पुरावा. त्याआधी मूर्तींनी पुण्यातच सॉफ्ट्रॉनिक्स नावाची कंपनी काढली होती. तिचा भर देशातल्या ग्राहकांवर होता. ती दीड-दोन वर्षांत बंद पडली. माणूस तोच, शहर तेच, निकाल उलटा! लोकप्रिय कथनात हा भाग एक तर गळतो, नाहीतर 'अपयशातून शिकले' एवढ्यावर उरकतो.

पण लगेच 'बाजारपेठ हेच कारण' असंही लिहू नका. मधल्या काळात मूर्तींना पाटणीतला अनुभव मिळाला होता आणि सहा साथीदारही. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर फरक नेमका कशामुळे पडला हे एका तुलनेवरून ठरत नाही. तशाच, पण न टिकलेल्या कंपन्या शोधाव्या लागतात. त्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही. म्हणून जुने ताळेबंद आणि कंपनी नोंदणीची कागदपत्रं चाळायची.

हा वाद फक्त पद्धतीचा नाही. "त्यांनी दहा हजारांत केलं, तुला का जमत नाही?" हे गावाकडच्या किती पोरांनी ऐकलंय! अपुरं स्पष्टीकरण शेवटी कुणाच्या तरी माथी दोष मारतं.

तुमचा प्रस्ताव उघडा. यशाची जी कारणं लिहिली असतील, त्या प्रत्येकासमोर एक प्रश्न टाका: हे बुडालेल्यांकडेही होतं का? उत्तर 'हो' आलं, तर एकट्या त्या कारणानं यशाचा उलगडा होत नाही. उत्तर 'माहीत नाही' आलं, तर तुमचा संशोधन प्रश्न तिथंच आहे.