करंड्याचा घाट आणि समीक्षेची झिलई

मराठी समीक्षेला ‘घाट’ हा शब्द फार प्रिय आहे. कथेला घाट असतो, कवितेला घाट असतो, आणि दलित लेखकाच्या पुस्तकाला बहुधा तो नसतो. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, त्यामागून आत्मकथनांची रांग लागली, तेव्हाही प्रस्थापित समीक्षेचा एक ठरीव अभिप्राय होता : अनुभव जळजळीत, दस्तऐवज म्हणून मोलाचा, पण कलाकृती म्हणून घाट कच्चा, शैली कातीव नाही. गेल्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका चर्चासत्रात माझ्या एका विद्यार्थ्याच्या कथेवर हेच वाक्य जवळजवळ तसेच ऐकले. पोरगा गप्प बसला. परतताना त्याने विचारले, “सर, घाट म्हणजे नेमके काय?” मला उत्तर देता आले नाही. ते आता देतो आहे.

घाट हा शब्द काही ग्रंथालयात जन्मला नाही. तो भांड्याचा शब्द आहे. तांब्याला घाट असतो, मडक्याला असतो. ‘कातीव’ हा तर सरळ कातार्‍याचा शब्द. कातणे म्हणजे फिरत्या लाकडाला हत्यार लावून त्याला गोलाई देणे. ‘झिलई’ही कारागिराचीच. समीक्षकाने आपली मापे अशी दुसऱ्याच्या दुकानातून उचलली आहेत. तेव्हा ती नीट वापरली जातात की नाही, हे त्या दुकानातच जाऊन तपासले पाहिजे.

कुंकवाचा लाकडी करंडा घ्या. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी असल्या रंगीत लाखकामाला नाव मिळवून दिले. पण लाखेचा करंडा जत्रेत आणि आठवडी बाजारात आपण सर्वांनी पाहिला आहे. तो होतो कसा? वाळलेल्या लाकडाचा ठोकळा खरादावर चढवतात. जुन्या हातखरादावर एक माणूस दोरी ओढून लाकूड फिरवी आणि दुसरा हत्यार धरी. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. हत्यार कापणार ते फक्त पुढच्या फेऱ्याला. आता विजेची मोटर आली. बाहेरची गोलाई तशी सोपी. खरे कसब पोट कोरण्यात असते. टोकाला वाकवलेले हत्यार तोंडातून आत घालायचे, आणि आतले दिसत नसताना हाताला लागणाऱ्या थरथरीवरून आणि आवाजावरून किती लाकूड उरले ते ओळखायचे. भिंत सगळीकडे सारखी हवी. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ राहिली, तर लाकूड वेगवेगळ्या ओढीने सुकते आणि तडकते. झाकण बसवताना ऋतूचा विचार करावा लागतो. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते.

लाख येते सर्वांत शेवटी. तिला कुंचला लागत नाही. रंग मिसळलेली लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरायची. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडावर पसरते. मग तेलाचा हात आणि केवड्याच्या पानाची घासणी, की झिलई चढली. पण लाकूड ओले असेल तर ही लाख टिकत नाही. आमच्या घरी असा एक तांबडालाल करंडा होता. यवतमाळच्या तिसऱ्या उन्हाळ्यात त्याची लाख पोपडे धरून उडाली आणि खाली बोटभर भेग निघाली. भेग लाखेने पाडली नव्हती. ती आधीपासून होती. लाखेने ती तीन वर्षे दिसू दिली नाही, एवढेच.

यावरून माझ्या विद्यार्थ्याला उत्तर असे : घाट आतून ठरतो. किती काढले, किती ठेवले, भिंत भार सोसते की नाही, यावर तो उभा असतो. आमचे समीक्षक मात्र बाहेरून हात फिरवतात. हाताला गुळगुळीत लागले की ‘घाट’ म्हणतात, खरखरीत लागले की ‘कच्चे’ म्हणतात. ते झिलई तपासतात आणि निकाल घाटावर देतात. ‘बलुतं’मध्ये निवेदक स्वतःपासूनच दोन पावले दूर उभा राहून स्वतःकडे पाहतो. ही आतली कोरणी आहे. ती ज्यांना दिसली नाही त्यांनी पुस्तकाचे झाकणच उघडले नव्हते.

पण कारागिराची बाजू घेताना आपणही एका जुन्या खड्ड्यात पडता कामा नये. आनंद कुमारस्वामींनी १९०९ सालच्या ‘द इंडियन क्राफ्ट्समन’मध्ये गावगाड्यातल्या वंशपरंपरागत कारागिराचे गोडवे गायले. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये या भाबडेपणाचा पायाच काढून घेतला : जात नुसती कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच तोडून एकावर एक रचते आणि निवड कोणालाच ठेवत नाही. करंड्याचे कौतुक होते. दोरी ओढणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवरच्या किड्याने केलेला थर. तो खरवडून आणतात जंगलातली माणसे, बहुतेक आदिवासी. ज्या जंगलातून ती आणायची त्यावरचा त्यांचा हक्क कायद्याच्या कागदावर यायला २००६ साल उजाडावे लागले. वनहक्क कायद्याच्या गौण वनोपजांत लाखेचे नाव आहे. दिवाणखान्यातल्या झिलईला एवढा मागचा हिशेब आहे.

आणि बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात आणखी एका पोकळ भांड्याची नोंद केली आहे : पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याला थुंकण्यासाठी गळ्यात बांधावे लागणारे मडके. त्या मडक्यालाही घाट होता. चाकावर फिरूनच ते गोल झाले होते. मग नुसत्या घाटाच्या गोष्टी बोलणाऱ्यांनी सांगावे, त्या मडक्याचे सौंदर्य कसे मोजायचे? भांडे कोणासाठी घडले आणि कोणाच्या गळ्यात पडले, हा प्रश्न घाटाच्या बाहेरचा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

शेवटी एक कडू गोष्ट आपल्याच माणसांना. हल्ली आपल्यातले काही तरुण लेखक मुद्दाम खरखरीत लिहितात. शिवी, रक्त, उकिरडा यांची यादी मांडली की ती विद्रोही कविता, असे त्यांना वाटू लागले आहे. खरखरीतपणाचीही लाख असते. तीही ओल्या लाकडावर चढवता येते आणि तीही भेग झाकते. अनुभव वाळू द्यावा लागतो. आपल्या रागाची भिंत कुठे जाड, कुठे पातळ राहिली हे आत हात घालून पाहावे लागते. ही मेहनत प्रस्थापितांच्या शाबासकीसाठी करायची नाही. आपले भांडे आपल्या माणसांच्या उन्हाळ्यात तडकू नये म्हणून करायची.

त्या विद्यार्थ्याला मी कथा परत लिहायला सांगितली आहे. झिलई करू नकोस, म्हटले; पोट पुन्हा कोर.