तेजोमेघांची हौशी छायाचित्रे : प्रक्रिया, प्रामाण्य आणि सौंदर्य

प्रस्तावना

तारकागुच्छ आणि तेजोमेघ यांच्या हौशी निरीक्षकांनी घेतलेल्या छायाचित्रांविषयी दोन परस्परविरोधी मते आढळतात. एका मतानुसार कॅमेऱ्याने टिपले तेवढेच खरे. त्यानंतर संगणकावर जे केले जाते ती केवळ रंगरंगोटी होय. दुसऱ्या मतानुसार असे छायाचित्र ही कलाकृती असून तिच्या कर्त्याला संपूर्ण स्वातंत्र्य असले पाहिजे. ही दोन्ही मते अपुरी आहेत. पहिले मत छायाचित्र कसे तयार होते याकडे दुर्लक्ष करते, तर दुसरे ते कशाचे आहे याकडे. प्रस्तुत लेखात प्रतिमाप्रक्रियेचे स्वरूप तपासून तिच्या समीक्षेचे निकष कोणते असावेत, याचा विचार केला आहे.

१. परंपरा

हौशी निरीक्षक हे या क्षेत्रातील उपरे नव्हेत. क्षेत्राची सुरुवातच त्यांच्यापासून झाली. मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी घेतले. ड्रेपर व्यवसायाने वैद्यकशास्त्राचे अध्यापक होते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील अभियंता अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची परावर्ती दुर्बिणीतून त्याच तेजोमेघाचे छायाचित्र घेतले, तेव्हा डोळ्यांना न दिसणारे तारेही काचेवर उमटले. १८८५ मध्ये पॅरिस येथे पॉल आणि प्रॉस्पर हेन्री या बंधूंना कृत्तिकांमधील माया या ताऱ्याभोवतीचा तेजोमेघ छायाचित्रातच प्रथम आढळला. म्हणजे आरंभापासूनच हे छायाचित्र दृष्टीची नक्कल नसून दृष्टीचा विस्तार होते. ‘डोळ्यांना दिसते तसे’ हा निकष त्याला लावणे मुळातच गैरलागू आहे.

२. प्रक्रियेचे स्वरूप

आजचा छायाचित्रकार एकाच लक्ष्याची अनेक छायाचित्रे घेऊन ती एकमेकांवर जुळवून त्यांची सरासरी काढतो. संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर छायाचित्रांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते; १६ छायाचित्रांनी ते चौपट होते, तर १०० छायाचित्रांनी दहापट. झाकण लावून घेतलेल्या ‘डार्क’ चित्रांनी संवेदकाच्या उष्णतेमुळे आलेला दोष वजा केला जातो. समप्रकाशित पृष्ठाच्या ‘फ्लॅट’ चित्रांनी भिंगावरील धुळीचे डाग आणि कडांचा काळोख दुरुस्त होतो. ही कामे वादातीत आहेत. त्यांचा हेतू उपकरणाची खूण पुसणे हा असतो.

वाद सुरू होतो तो यानंतर. संवेदकाने दिलेली मूल्ये प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असतात आणि पडद्यावर ती तशीच दाखविली तर काही ठळक तारे वगळता सारे चित्र काळे दिसते. क्षीण तपशील दिसावा म्हणून मूल्ये असमान प्रमाणात ताणावी लागतात. किती ताणावे याला निसर्गाचे उत्तर नाही. येथे निवड आहे, आणि जेथे निवड आहे तेथे समीक्षेला वाव आहे.

३. रंगाचा प्रश्न

क्षीण प्रकाशात मानवी डोळा रंग जवळजवळ ओळखत नाही. दुर्बिणीतून बहुतेक तेजोमेघ राखी धुरासारखे दिसतात. त्यामुळे तेजोमेघाचा ‘खरा’ रंग कोणता, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन यांनी तीन स्वतंत्र कृष्णधवल काचांवरून रंगीत चित्रे सिद्ध केली, तेव्हा डोळ्यांना कधीच न दिसलेले, परंतु प्रकाशात असलेले रंग प्रकट झाले.

१९९५ मध्ये जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी हबल दुर्बिणीतून घेतलेल्या गरुड तेजोमेघाच्या चित्राने वेगळा मार्ग रूढ केला. आयनित गंधकाच्या प्रकाशाला तांबडा, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि दुहेरी आयनित ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग दिला गेला. हायड्रोजनची रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर, तर गंधकाच्या रेषा ६७१.६ आणि ६७३.१ नॅनोमीटरवर आहेत. दोन्ही तांबड्याच, नैसर्गिक रंगात त्या वेगळ्या ओळखू येणे कठीण. म्हणून ही रंगयोजना म्हणजे असत्य नव्हे. नकाशात जशी उंचीनुसार रंगांची योजना असते, तशी ही एक सांकेतिक लिपी आहे.

मात्र लिपीला नियम असतात. हायड्रोजनचा प्रकाश सामान्यतः सर्वांत प्रबळ असल्याने या योजनेत चित्र हिरवे दिसते. हिरवा रंग आकाशाला शोभत नाही अशा समजुतीने अनेक हौशी छायाचित्रकार तो दडपून चित्र सोनेरी आणि निळे करतात. परिणामी कोठे हायड्रोजन अधिक आणि कोठे गंधक, हे सांगणारे प्रमाणच बदलते. लिपी राहते, अर्थ हरवतो. एलिझाबेथ केसलर यांनी २०१२ मधील ग्रंथात हबलच्या चित्रांचे नाते एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन निसर्गचित्रांच्या भव्यतेशी जोडून दाखविले आहे. हौशी छायाचित्रकाराने ती भव्यता उसनी घेतली, परंतु ती जिच्यासाठी स्वीकारली गेली होती ती माहिती मागे सोडली, असे अनेकदा घडते.

४. तीन उदाहरणे

पहिले उदाहरण कृत्तिकांचे. या गुच्छाभोवतीची निळी आभा म्हणजे धुळीवरून विखुरलेला ताऱ्यांचा प्रकाश. ही धूळ गुच्छाच्या जन्मातून उरलेली नसून तारे सध्या तिच्यातून जात आहेत. दीर्घ छायाचित्रात अशी धूळ जवळजवळ सर्व चौकटभर दिसते. शहरी प्रकाशामुळे येणारा उतार काढण्यासाठी संगणक चौकटीतील ‘रिकाम्या’ जागा नमुना म्हणून घेतो. परंतु येथे रिकामी जागाच नसते. धुळीलाच पार्श्वभूमी समजून वजा केले की काळ्याभोर आकाशात हिरेजडित तारे दिसतात. चित्र देखणे होते आणि चुकीचेही. याउलट, उरलेला शहरी उजेड धूळ म्हणून वाढवून दाखविणे हाही तितकाच दोष आहे.

दुसरे उदाहरण मृगाच्या पूर्वेस असलेल्या रोझेट तेजोमेघाचे. त्याच्या मध्यभागी एनजीसी २२४४ हा तरुण तारकागुच्छ आहे. याच गुच्छातील अतितप्त ताऱ्यांच्या प्रारणाने वायू प्रकाशमान झाला आहे आणि त्यांच्या वाऱ्यांनी मधली पोकळी कोरली आहे. अलीकडे तारे पूर्णपणे काढून केवळ तेजोमेघावर प्रक्रिया करण्याची आणि शेवटी तारे बारीक करून परत बसविण्याची पद्धत रूढ झाली आहे. वायूची वलये उठावदार होतात, पण ज्या ताऱ्यांनी ती घडविली ते नगण्य ठरतात. कार्य ठेवून कारण पुसण्याचाच हा प्रकार आहे. येथे सौंदर्याची निवड ही अर्थाची निवड होते, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

तिसरे उदाहरण शौरी तारकासमूहातील एम १३ या गोलाकार गुच्छाचे. अशा गुच्छात तांबूस महाकाय तारे आणि निळसर तप्त तारे एकत्र दिसतात. त्यांच्या रंगांत ताऱ्यांच्या उत्क्रांतीचा इतिहास असतो. मूल्ये बेसुमार ताणली की गाभा पांढरा पडतो व तो इतिहास नाहीसा होतो. ल्युप्टन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सुचविलेली पद्धत तिन्ही रंगांचे गुणोत्तर कायम ठेवून ताण देते. संयम आणि सौंदर्य यांत विरोध नाही, याचा हा उत्तम पुरावा होय.

५. साक्षीचे मूल्य

प्रामाण्याचा आग्रह केवळ शिस्तीसाठी नाही. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतील हौशी निरीक्षक जे मॅकनील यांना ३ इंची दुर्बिणीतून घेतलेल्या एम ७८ च्या चित्रांवर प्रक्रिया करताना पूर्वीच्या चित्रांत नसलेला एक तेजोमेघ दिसला. एका तरुण ताऱ्याच्या उद्रेकाने तो उजळला होता. तसेच मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी यांना देवयानी दीर्घिकेजवळ ऑक्सिजनच्या प्रकाशाची विशाल कमान आढळली व २०२३ च्या आरंभी ती प्रसिद्ध झाली. इतक्या परिचित भागातील ही कमान खरी आहे की प्रक्रियेचा दोष, हे वेगळ्या उपकरणांनी घेतलेल्या चित्रांवरून पडताळून पाहावे लागले. ‘अनावश्यक डाग’ म्हणून दोन्ही खुणा पुसल्या गेल्या असत्या, तर हे शोध झाले नसते.

कृत्रिम प्रज्ञेवर आधारित साधनांनी हा प्रश्न अधिक तीव्र केला आहे. रिचर्डसन (१९७२) आणि ल्युसी (१९७४) यांच्या पद्धतीतही धूसरता दूर केली जाते व तीही कधी ताऱ्यांभोवती खोटी वलये निर्माण करते; परंतु तिची गणिती वाटचाल पायरीपायरीने तपासता येते. प्रशिक्षित जाळे मात्र आधी पाहिलेल्या उदाहरणांवरून तपशील सुचविते. त्यातील कोणता तंतू आकाशातून आला आणि कोणता स्मरणातून, हे अंतिम चित्र पाहून सांगता येत नाही. अशा वेळी मूळ चित्र जपणे आणि साधनांचा उल्लेख करणे हे सौजन्य राहत नाही, ती अट ठरते.

महाराष्ट्राच्या संदर्भातही हा विचार महत्त्वाचा आहे. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षणाची परंपरा चालवीत आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. मोठ्या शहरांतील निरीक्षकाला मात्र उजेडावर मात करण्यासाठी प्रक्रियेवरच अधिक विसंबावे लागते. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत अंतिम चित्राइतकेच प्रक्रियेच्या टिपणालाही गुण असणे उचित ठरेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन निकष मांडता येतात. पहिला, प्रक्रियेने उपकरणाची आणि वातावरणाची खूण पुसावी, वस्तूची नव्हे. दुसरा, संपूर्ण चित्राला एकच नियम लागू असावा. हवा तेथे उजेड आणि नको तेथे काळोख असा स्थानिक पक्षपात नसावा, आणि करावाच लागला तर तो सांगितला जावा. तिसरा, रंग व तेज यांच्या निवडीने चित्रातील भौतिक नाती, म्हणजे तारा आणि वायू, धूळ आणि प्रकाश यांचे संबंध, वाचता यावेत. या निकषांनी कर्त्याचे स्वातंत्र्य संपत नाही. उत्तम अनुवादकाला शब्दांची निवड असते, मूळ संहिता बदलण्याची मुभा नसते. तेजोमेघाच्या छायाचित्रकाराची स्थिती याहून वेगळी नाही. शेकडो वर्षांचा प्रवास करून आलेला प्रकाश एकदाच टिपला जातो. त्याचे वाचन पुनःपुन्हा करता येते, म्हणून ते वाचन तपासता येण्याजोगे असणे आवश्यक आहे.