मित्राची गोष्ट कोण सांगतो?

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा ऊर्फ मित्रा ही त्याची नायिका. रोहिणी हट्टंगडी यांनी ती साकारली. नमाविषयीची मित्राची ओढ अखेर आत्मघातापाशी संपते. मात्र ही गोष्ट सांगतो तो तिचा मित्र बापू. तेंडुलकरांचे मोठेपण असे, की बापूचा दुबळेपणा ते झाकत नाहीत. त्यामुळे प्रेक्षक मित्राबरोबर बापूलाही पारखतो.

आज घरोघरी ऐकल्या जाणाऱ्या गुन्हेकथांच्या पॉडकास्टमध्ये ही पारख क्वचितच आढळते. अशी स्त्री तेथे बहुधा पंचनाम्यानंतरच अवतरते. तिचे प्रेम हा केवळ गुन्ह्याचा हेतू ठरतो. निवेदक मात्र नामानिराळा राहतो. असे दिसणे म्हणजे ओळखले जाणे नव्हे.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपली कथा स्वतः सांगितली. म्हणूनच पतीच्या धर्मांतराने पोळलेली ही स्त्री कोणाच्या कीवेचा विषय झाली नाही. मित्राला तो अधिकार लाभला नाही.

ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाला समलिंगी संबंध मान्य नाहीत. तरीही अशा व्यक्तींना आदराने, करुणेने व हळुवारपणे स्वीकारावे, त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभाव करू नये, असे तो बजावतो. या आज्ञेचा आरंभ ऐकण्यापासून होतो. आपल्या घरातील एखादी मुलगी बोलू लागली, तर तिच्या पश्चात हळहळणारा बापू होण्यापेक्षा ती समोर असतानाच तिचे ऐकणारे आईबाप होणे श्रेयस्कर.