अस्सल आणि प्रामाणिक : कंट्री गायकांच्या दोन पिढ्या



आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी 'अमेरिकेतलं कंट्री संगीत' म्हणालो, आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरली. तत्त्वज्ञानाचा मास्तर आता गिटार घेऊन येतो की काय, असं त्यांना वाटलं असावं. (हशा) गिटार आणलेली नाही. पण चाळीस वर्षं मी वर्गात 'प्रमाण' शिकवलं, आणि जवळजवळ तितकीच वर्षं ही गाणी ऐकतो आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मला निवृत्तीनंतर कळलं. त्यामुळे माझं एक जुनं मत मला मागे घ्यावं लागलं. सगळं नाही, अर्धं. कोणतं अर्धं, ते आज सांगायचं आहे.

माझं मत तेच होतं जे बहुतेक जुन्या श्रोत्यांचं असतं. हँक विल्यम्स, मर्ल हॅगार्ड, लोरेटा लिन, जॉर्ज जोन्स ही खरी माणसं. त्यांनी जे भोगलं ते गायलं. आजचे कंट्रीतले तारे म्हणजे बाजारानं घडवलेले पुतळे. टोपी, जीन्स, पिकअप ट्रक, झालं गाणं!

ही तक्रार फक्त आपल्यासारख्या लांबच्या श्रोत्यांची नाही, खुद्द नॅशव्हिलमध्येही ती ऐकू येते. 1999 साली कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कार सोहळ्यात जॉर्ज जोन्सला त्याचं 'चॉइसेस' हे गाणं काटछाट करून गायला सांगितलं. त्यानं नकार दिला आणि तो सोहळ्याला गेलाच नाही. ॲलन जॅक्सन मंचावर स्वतःचं गाणं गात होता. ते त्यानं मध्येच तोडलं, जोन्सचं गाणं सुरू केलं आणि संपवून सरळ मंचावरून निघून गेला. सभागृहातले लोक उभे राहिले. मी तेव्हा म्हणालो, बघा, मी सांगत होतो ते हेच.

पण मग मी या संगीताचा इतिहास नीट वाचायला घेतला, आणि पंचाईत झाली.

'ग्रँड ओल ऑप्री' हा या संगीताचा सर्वांत मानाचा रेडिओ कार्यक्रम. तो सुरू झाला 1925 मध्ये, नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावर. हे केंद्र कोणाचं? एका विमा कंपनीचं. डब्ल्यूएसएम ही अक्षरंसुद्धा कंपनीच्या घोषवाक्याची आद्याक्षरं: आम्ही लाखोंना संरक्षण देतो! म्हणजे ज्या कार्यक्रमाला आपण मातीचा आवाज म्हणतो, तो विम्याच्या पॉलिसी खपाव्यात म्हणून सुरू झालेला होता.

पुढे ऐका. तिथल्या सुरुवातीच्या वादकांत डॉ. हम्फ्री बेट होते. शिकलेले, प्रॅक्टिस करणारे डॉक्टर. वाजवायला येताना सूट घालून येत. कार्यक्रमाचे सूत्रधार जॉर्ज हे यांनी त्यांच्या वाद्यवृंदाचं नाव बदलून 'पॉसम हंटर्स' केलं, म्हणजे रानात पॉसमची शिकार करत हिंडणारे लोक. पुढे फोटो काढले तेही शेतकऱ्याच्या पेहरावात. डॉक्टरांना गावंढळ बनवलं, कारण श्रोत्याला ते तसे हवे होते.

1927 चा उन्हाळा. टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरचं ब्रिस्टल गाव. व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीर तिथे ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन आले, आणि कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स या दोघांची पहिली ध्वनिमुद्रणं त्या एकाच मुक्कामात झाली. इथूनच कंट्रीची सुरुवात झाली असं मानतात. पण पीर यांचा खरा धंदा गाण्यांच्या हक्कांचा होता. ए. पी. कार्टर डोंगरदऱ्यांत हिंडून लोकांकडून गाणी गोळा करायचा आणि ती त्याच्या नावावर नोंदली जायची. त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. कार्टर शब्द टिपून घ्यायचा, चाली रिडल लक्षात ठेवायचा. त्याचं नाव कुठे लागलं नाही.

समाजशास्त्रज्ञ रिचर्ड पीटरसन यांनी 1997 मध्ये यावर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कंट्रीतला अस्सलपणा हा पहिल्यापासून घडवलेला माल आहे. मला ते पटलं. मग प्रश्न असा उरतो: जुनेही बाजारातले आणि नवेही बाजारातले, तर मला ऐकताना जो फरक जाणवतो तो खोटा आहे का? तो नुसता म्हातारपणाचा उमाळा आहे का?

इथे मला मराठीतले दोन शब्द उपयोगी पडले. एक 'अस्सल', दुसरा 'प्रामाणिक'. आपण ते सरमिसळ वापरतो, पण ते दोन वेगळे प्रश्न विचारतात. 'अस्सल' हा शब्द अरबी 'अस्ल'वरून आला, म्हणजे मूळ. कचेरीत अस्सल आणि नक्कल म्हणतात तो हाच. तुपाला, हापूसला, दस्तऐवजाला आपण विचारतो, तू आलास कुठून? 'प्रामाणिक'चं तसं नाही. त्यात प्रमाण आहे. तिथे प्रश्न असतो, तू जे म्हणतोस त्यावर मी विश्वास का ठेवू?

न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलेलं आहे, पण कोणाचा शब्द? आप्ताचा. इथे आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. वात्स्यायनानं भाष्यात दोन अटी सांगितल्या आहेत. त्या माणसाला ती गोष्ट प्रत्यक्ष कळलेली असली पाहिजे, आणि जशी कळली तशी सांगण्याची त्याला इच्छा असली पाहिजे. आणि पुढे तो म्हणतो की ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, लक्षण सगळ्यांना सारखंच. म्हणजे जन्म आणि गोत्र विचारायचं नाही. माझ्या मते गाण्याच्या समीक्षेत इतकी उपयुक्त कसोटी दुसरी नाही.

आता ती लावून बघू.

जॉनी कॅश. 'फोल्सम प्रिझन ब्लूज' हे त्याचं 1955 मधलं गाणं, तुरुंगातल्या खुन्याच्या तोंडचं. कॅश कधीही शिक्षा भोगायला तुरुंगात गेला नाही. गाणं सुचलं जर्मनीत, हवाई दलाच्या नोकरीत असताना, फोल्समवरचा एक चित्रपट पाहून. चाल आणि बरेचसे शब्द गॉर्डन जेंकिन्सच्या गाण्यावरून उचललेले, त्यासाठी पुढे पैसे भरावे लागले. 1968 मध्ये त्यानं खुद्द फोल्सम तुरुंगात कार्यक्रम केला. त्या ध्वनिमुद्रणात खुनाची कबुली देणाऱ्या ओळीवर कैद्यांचा जो जल्लोष ऐकू येतो, तो मागाहून स्टुडिओत जोडलेला आहे. अस्सलपणाच्या परीक्षेत हा माणूस पहिल्याच पेपरला नापास!

याउलट मर्ल हॅगार्ड. आईबाप ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियात पोटासाठी आलेले. हा जन्मला आणि वाढला जुन्या रेल्वेडब्याच्या घरात. चोरीच्या गुन्ह्यात सॅन क्वेंटिन तुरुंगात गेला. कॅश तिथे गायला आला तेव्हा कैद्यांच्या गर्दीत हा बसलेला होता! पुढे 1972 मध्ये गव्हर्नर रेगन यांनी त्याला माफी दिली. म्हणजे हा अस्सल. पण गंमत बघा, त्याच्या 'मामा ट्राइड' गाण्यातला कैदी जन्मठेप भोगतो आहे. हॅगार्ड तीनेक वर्षांत सुटला होता. त्यानंही तपशील बदललाच.

मग दोघांचंही मला खरं का वाटतं? कारण दोघांच्या गाण्यांत साक्ष तुरुंगाची नाहीच. साक्ष आहे अपराधाच्या ओझ्याची. कॅश बारा वर्षांचा असताना त्याचा थोरला भाऊ जॅक करवतीच्या यंत्रात सापडून गेला. ते ओझं त्यानं जन्मभर वागवलं. हॅगार्डकडे आईला दिलेलं दुःख होतं. तुरुंग हा दोघांच्याही गाण्यात वेश आहे. वेशाच्या आत जे बोललं जातं त्याला प्रमाण आहे. आणि ते तपासायला समोर तज्ज्ञ श्रोते होते: कैदी.

तिसरं उदाहरण लोरेटा लिन. केंटकीतल्या कोळसा खाणीत काम करणाऱ्याची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न, सहा मुलं. 1975 मध्ये तिचं 'द पिल' आलं, संततिनियमनाच्या गोळीवरचं. गाणं दुसऱ्यांनी लिहिलेलं होतं. पण ते तिनं गायलं म्हणून त्याला साक्षीचं वजन आलं. कित्येक रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला. तरी ते कंट्रीच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. का? कारण केंद्रं शेकडो मालकांची होती. एकानं नाकारलं तर शेजारच्या परगण्यातला दुसरा लावायचा. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता आजचे लोक. 2012 मध्ये फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या जोडीचं 'क्रूझ' आलं आणि चोवीस आठवडे यादीच्या शिखरावर राहिलं. पुढच्या वर्षी समीक्षक जोडी रोझेन यांनी या प्रकाराला 'ब्रो-कंट्री' नाव दिलं. ट्रक, मातीचा रस्ता, बिअर, नदीकाठ, तोकडी जीन्स घातलेली मुलगी. मुलीला नाव नाही, ती ट्रकच्याच यादीतली एक वस्तू. 2014 मध्ये एका गीतकारानं वेगवेगळ्या गायकांची सहा लोकप्रिय गाणी एकावर एक ठेवून एकदम वाजवली, तर ती एकमेकांत बेमालूम बसली. आवर्जून शोधून ऐका. मी समीक्षेचे दहा परिच्छेद लिहिले असते तरी इतकं सिद्ध झालं नसतं.

पण थांबा. हे लोक शहरी भामटे आहेत का? ल्यूक ब्रायन जॉर्जियातल्या भुईमूग पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. ट्रक, शेत, नदी हे सगळं त्यानं पाहिलेलं आहे. अस्सलपणाच्या परीक्षेत तो कॅशच्या फार पुढे. अडचण दुसऱ्या अटीपाशी आहे. त्याला माहीत आहे, पण त्या गाण्यांत त्याला काही सांगायचं नाही. श्रोत्याच्या घरातल्या वस्तू मोजून दाखवायच्या आणि 'तू किती छान जगतोस' म्हणायचं. ही साक्ष नाही, ही खुशामत.

आणि इथेच माझं अर्धं मत मोडलं. 2013 चा त्याचाच अल्बम, 'क्रॅश माय पार्टी'. त्यात एका बाजूला वर वर्णन केलेल्या साच्यातलं 'दॅट्स माय काइंड ऑफ नाइट' आहे, आणि त्याच अल्बमात 'ड्रिंक अ बिअर' आहे. कोणीतरी गेल्याची बातमी आल्यावर एकटाच माणूस धक्क्यावर जाऊन बसतो, एवढंच गाणं. ब्रायनचा भाऊ 1996 मध्ये अपघातात गेला, बहीण 2007 मध्ये अचानक गेली. तो ते गाणं गातो तेव्हा आवाज आवरून धरतो, कुठेही हात फिरवत नाही. बिअर तीच! पण इथे ती एका माणसाच्या हातात आहे. हे गाणं ज्यांनी लिहिलं त्यांतला एक क्रिस स्टेपलटन. तो वर्षानुवर्षं इतरांसाठी गाणी लिहीत होता, आणि 2015 मध्ये स्वतःच्या पहिल्या अल्बमवर त्यानं त्याच कंट्री म्युझिक असोसिएशनचे मोठे पुरस्कार नेले.

तेव्हा पिढीला दोष देणं मी सोडलं. एकाच माणसाच्या एकाच अल्बमात एक गाणं आप्ताचं असतं आणि एक भाटाचं. शिवाय आपण तुलनाही लबाडीनं करतो. जुन्यांतले निवडक दहा घेतो, कारण बाकीचे काळानं पुसून टाकले. आणि नव्यांतला आजचा सगळा बाजार घेतो.

मग उरलेलं अर्धं मत कोणतं? ते असं, की प्रामाणिक गाणं श्रोत्यापर्यंत पोचायची वाट अरुंद झाली. 1996 च्या दूरसंचार कायद्यानं एका मालकाकडे देशभरात किती रेडिओ केंद्रं असावीत यावरची मर्यादा उठवली. आधी ती चाळीसच्या आसपास होती. काही वर्षांत क्लिअर चॅनल या एका कंपनीकडे बाराशेहून जास्त केंद्रं झाली. आता ते 'द पिल' आठवा. 2003 मध्ये डिक्सी चिक्स या गटातल्या गायिकेनं लंडनमध्ये इराक युद्धाविरुद्ध एक वाक्य उच्चारलं, आणि क्युम्युलस कंपनीनं त्यांची गाणी आपल्या सगळ्या कंट्री केंद्रांवरून एका हुकमानं काढली. लोरेटाला नाकारणारे मालक अनेक होते, म्हणून लावणारेही सापडले. इथे मालक एक, नकारही एक. 2015 मध्ये तर एका रेडिओ सल्लागारानं जाहीरपणे सांगितलं की कंट्रीच्या सॅलडमध्ये पुरुष हा पाला आणि बायका म्हणजे वर घालायचे टोमॅटो, म्हणून त्यांची गाणी कमी लावा. अशा ठिकाणी श्रोत्याला न रुचणारं सत्य सांगणाऱ्या गायिकेनं जायचं कुठे?

शेवटचा मुद्दा. मी 'अस्सल' या शब्दाला इतका का भितो? डीफोर्ड बेली हा ऑप्रीचा पहिल्या काळातला तारा, माऊथ ऑर्गन वाजवणारा, कृष्णवर्णीय. 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव सूत्रधाराला सुचलं ते त्याच्याच वादनाची ओळख करून देताना. 1941 मध्ये त्याला काढून टाकलं. पुढे तो नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचं दुकान चालवत राहिला. 1966 मध्ये चार्ली प्राइडच्या पहिल्या रेकॉर्डी रेडिओला पाठवल्या त्या त्याचा फोटो न लावता. आणि 2019 मध्ये लिल नाझ एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' बिलबोर्डनं कंट्रीच्या यादीतून उचलून बाहेर ठेवलं, कारण ते पुरेसं कंट्री नाही! ज्या संगीताचा बँजो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांबरोबर आला, त्या संगीताच्या दारात हे घडलं. 'तू अस्सल आहेस का' हा प्रश्न दिसतो कलेचा, पण दारवान तो वापरतो माणसं अडवायला. आणि जुन्या काळाचं कौतुक करताना मीही वर्षानुवर्षं त्या दारवानाच्या शेजारी उभा होतो. हे मला कबूल केलं पाहिजे.

म्हणून माझी विनंती एवढीच. नवा गायक ऐकताना टोपी आणि गाव पाहू नका. दोन प्रश्न विचारा. याला हे ठाऊक आहे का? आणि मला आवडो न आवडो, हे मला सांगायची याची तयारी आहे का? जुन्यांनाही तेच विचारा. माझ्या काही लाडक्या रेकॉर्डी या परीक्षेत पडल्या. त्या मी टाकल्या नाहीत, अधूनमधून ऐकतो. पण आता त्यांना 'खऱ्या' म्हणत नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा, मला पाणी प्यायला दोन मिनिटं द्या. (टाळ्या)