डाळिंबाचे दाणे आणि मुलीचा होकार

ग्रीक पुराणकथांवर आधारलेली अद्‌भुतरम्य प्रेमकथा हा इंग्रजीतील किशोर-युवा साहित्याचा आज एक ठळक प्रवाह झाला आहे. त्याची सुरुवात पाहायची तर २००५ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी अमेरिकेत रिक रायर्डन यांच्या पर्सी जॅक्सन मालिकेचे पहिले पुस्तक निघाले आणि ग्रीक देवदेवता शाळकरी मुलांच्या ओळखीचे झाले. त्याच वर्षी स्टेफनी मायर यांची 'ट्वायलाइट' आली. सतरा वर्षांची मुलगी आणि वयाची शंभरी ओलांडलेला, तरीही तरुण दिसणारा, देखणा व धोकादायक प्रियकर हा साचा तिने रूढ केला. पुढे हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळले. २०११ या एकाच वर्षी एमी कार्टर यांची 'द गॉडेस टेस्ट', मेग कॅबट यांची 'अबॅन्डन' आणि जोसेफिन अँजेलिनी यांची 'स्टारक्रॉस्ड' अशा तीन कादंबऱ्या आल्या. 'स्टारक्रॉस्ड'ला ट्रॉयच्या हेलनच्या कथेचा आधार आहे. उरलेल्या दोन्ही पर्सेफनी आणि हेडीस यांच्या आहेत. २०१८ ते २०२४ या काळात न्यूझीलंडच्या रेचल स्माइथ यांनी 'लोर ऑलिम्पस' ही चित्रकथा क्रमशः प्रसिद्ध केली, तिचा विषयही तोच. ती केवळ किशोरांसाठी लिहिलेली नाही, पण त्या वयाच्या मुलींनी ती भरभरून वाचली. २०२२ साली तिला चित्रकथांच्या क्षेत्रातील आयस्नर पुरस्कारही मिळाला.

मृतांच्या जगाचा राजा एका मुलीला पळवून नेतो, अशी ही मूळ कथा. तिच्यातून प्रेमकथा कशी निघाली, आणि ती काढताना काय मिळाले व काय गमावले, हे पाहणे आवश्यक आहे. आपल्यासाठी ते अधिकच आवश्यक आहे. ग्रीकांशी आपले नाते जुने असले तरी ते एकांगी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक यांच्यासारख्या विद्वानांनी जालीनूसचे वैद्यक अरबीत आणले, अरस्तूचे तत्त्वज्ञान आले. जालीनूस, बुकरात, अफलातून ही नावे आपल्याला परकी वाटत नाहीत, युनानी दवाखाना तर अजूनही आपल्या मोहल्ल्यात असतो. पण ग्रीकांचे देव, त्यांची महाकाव्ये आणि त्यांची नाटके या वाटेने आली नाहीत. 'इलियड'चे अरबी पद्य भाषांतर सुलेमान अल्-बुस्तानी यांनी कैरोत प्रसिद्ध केले, तेही १९०४ साली. त्यामुळे इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या आपल्या एखाद्या मुलीला पर्सेफनी पहिल्यांदा भेटते ती बहुधा अमेरिकन कादंबरीतच. मूळ कथा मनात असलेला वाचक नव्या कथेचे माप घेऊ शकतो. या मुलीच्या हाती असलेली कथा मात्र तिच्यापुरती मूळच असते.

म्हणून आधी मूळ कथा पाहू. तिचे सर्वांत जुने सविस्तर रूप 'डिमीटरचे स्तोत्र' या सुमारे ४९५ ओळींच्या ग्रीक काव्यात आहे. ते इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातले असावे असे मानतात. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली, आणि ती १७७७ साली मॉस्कोत सापडली. त्यातली कथा अशी : पर्सेफनी मैत्रिणींबरोबर कुरणात फुले खुडत आहे. नर्गिसच्या एका विलक्षण फुलाला ती हात घालते, तोच जमीन दुभंगते, हेडीस सोन्याच्या रथातून वर येतो आणि तिला उचलून नेतो. ती किंचाळते. तिचा बाप झ्यूस याने आधीच या सोयरिकीला मान्यता दिलेली असते. मुलीला कोणी विचारलेले नसते आणि आईलाही नाही.

यानंतर काव्य आईचे होते. धान्याची देवी डिमीटर नऊ दिवस हातात मशाली घेऊन, अन्नपाण्याविना लेकीला शोधत फिरते. शेवटी सूर्यदेव हेलिओस खरे काय ते सांगतो आणि लगोलग समजूतही काढतो : दुःख पुरे कर, जावई काही वाईट नाही, तुझा सख्खा भाऊ आहे, विश्वाच्या तिसऱ्या हिश्श्याचा धनी आहे. घरचा मुलगा, तोलामोलाचे स्थळ! अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे बोलणे आपल्या कानांना अनोळखी वाटू नये. डिमीटर ते ऐकत नाही. ती देवांचा संग सोडते, म्हातारीच्या वेषात एल्युसिस गावच्या विहिरीवर जाऊन बसते आणि पुढे धरतीवर दुष्काळ पाडते. बी उगवत नाही, माणसे मरणाच्या दारी येतात, देवांना नैवेद्य मिळेनासे होतात, आणि विश्वाचा स्वामी झ्यूस एका आईपुढे नमतो. मुलगी परत येते, पण निघताना हेडीसने तिला डाळिंबाचा दाणा खाऊ घातलेला असतो. म्हणून वर्षाचा एक तृतीयांश काळ ती पाताळात आणि उरलेला आईजवळ राहील असे ठरते.

या काव्यात प्रेमाचा कुठेही उल्लेख नाही. आहे तो विवाहाचा व्यवहार. अथेन्समध्ये मुलीचा बाप किंवा पालक साक्षीदारांसमोर तिचा हात वराला देण्याचे वचन देई, तेथे मुलीने हजर असण्याचीही गरज नसे. चौदा-पंधराव्या वर्षी ती परक्या घरी जाई. लग्न आणि मरण यांच्या प्रतिमा ग्रीकांच्या मनात एकमेकींत गुंतल्या होत्या. अविवाहित मेलेल्या मुलीला हेडीसची वधू म्हणत. फ्रासिक्लेया नावाच्या मुलीचा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला पुतळा १९७२ साली ॲटिकात सापडला. तिला आता कायम कुमारीच म्हटले जाईल, लग्नाऐवजी देवांनी तिला हेच नाव दिले, अशा अर्थाचा लेख त्याच्या बैठकीवर आहे. अशा समाजात हे स्तोत्र ऐकणाऱ्या बायकांना त्यात कोणाचा हंबरडा ऐकू येत असेल, हे वेगळे सांगायला नको.

प्रेम या कथेत शिरते ते पुढे. रोमन कवी ओव्हिड याने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आरंभी ही कथा सिसिलीत नेली. तेथे व्हीनस देवी आपल्या मुलाकडून पाताळाच्या राजावर मदनबाण सोडवते, म्हणजे अपहरणाला कारण म्हणून प्रेम हजर होते. डाळिंबही तेथे मुलगी स्वतःच्या हाताने तोडून खाते. स्तोत्रातली मुलगी आईला सांगते, मला त्याने जबरदस्तीने खायला लावले. ओव्हिडपासून दोष हळूहळू तिच्याकडे सरकतो. आजच्या कादंबऱ्या त्याच वाटेवर पुढे आल्या आहेत, फक्त आता तो दोष राहिला नसून तिची निवड झाली आहे.

'द गॉडेस टेस्ट'ची नायिका केट मरणासन्न आईला घेऊन मिशिगनमधील ईडन या गावी येते. आईला कर्करोग आहे. तेथे तिला हेन्री भेटतो, तो हेडीस. त्याची पहिली पत्नी पर्सेफनी त्याच्यावर प्रेम करू शकली नाही आणि एका मर्त्य माणसासाठी अमरत्व टाकून निघून गेली. आता त्याला नवी राणी हवी आहे. केटने सहा महिने त्याच्या वाड्यात राहून सात परीक्षा द्यायच्या, आणि त्या काळात तो तिच्या आईचा मृत्यू लांबवील, असा सौदा ठरतो. हेन्री सभ्य आहे, दुःखी आहे. लेखिकेने अपहरणाच्या जागी करार आणला आणि मुलीला 'नाही' म्हणण्याची मुभा दिली, हे तिचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. पण आईचा श्वास ज्याच्या मुठीत आहे त्याला मुलगी 'नाही' कशी म्हणणार? हा प्रश्न कादंबरीत उभा राहतो आणि लेखिका प्रेमाच्या गोडव्यात तो विरघळू देते. आणखी एक गोष्ट. या सात परीक्षा खादाडपणा, आळस, मत्सर, क्रोध, लोभ, वासना आणि गर्व या सात पापांच्या आहेत. ही यादी ख्रिस्ती धर्मपरंपरेतली आहे. झ्यूस आणि त्याच्या आप्तांनी क्रोध व वासना यांची परीक्षा घ्यावी, यातला विनोद लेखिकेच्या लक्षात आलेला दिसत नाही. नावे ग्रीक राहिली आणि नीती चर्चची आली.

मेग कॅबट यांची 'अबॅन्डन' याबाबतीत अधिक प्रामाणिक वाटते. पिअर्स ही सतरा वर्षांची मुलगी पंधराव्या वर्षी पोहण्याच्या तलावात बुडून काही काळ मरण पावलेली आहे. मृतांच्या जगात तिला जॉन हेडन भेटला होता आणि ती त्याच्या हातून निसटून परत आली. फ्लोरिडातील एका कल्पित बेटावर तो पुन्हा तिच्यासमोर येतो. तो संतापी आहे, आणि कादंबरीच्या अखेरीस तिच्या रक्षणासाठी म्हणून तिला पाताळात घेऊन जातो. बाहेर तुला धोका आहे म्हणून तू माझ्या वाड्यात राहा, हे त्याचे म्हणणे. पिअर्स भांडते, चिडते, त्यामुळे ती केटपेक्षा जिवंत वाटते. तरीही पुढच्या भागांत धोका खराच निघतो आणि पहारेकरी बरोबर ठरतो. रक्षण आणि कैद यांतली रेषा पुसण्याचे हे काम कथानकच करते.

रेचल स्माइथ यांची मांडणी तिघींत सर्वांत चतुर आहे. त्यांची पर्सेफनी एकोणीस वर्षांची, गुलाबी रंगाची आहे. हेडीस निळा आणि हजारो वर्षांचा आहे. मूळ कथेतल्या रथाची येथे मोटार झाली आहे. मद्याच्या अंमलाखाली असलेल्या पर्सेफनीला ॲफ्रोडायटी खोडसाळपणे हेडीसच्या गाडीत ठेवायला लावते, त्याला काहीच ठाऊक नसते, आणि तो तिच्याशी अदबीने वागतो. बलात्कार घडतो तो अपोलोकडून. त्या प्रसंगानंतरची मुलीची घुसमट, आपण 'हो' म्हटले होते की नाही याबद्दलचा तिचा स्वतःशीच चाललेला झगडा, स्माइथ यांनी फार संयमाने रंगवला आहे. या चित्रकथेचा सर्वांत मोलाचा भाग तोच. पण त्यामागची व्यवस्थाही पाहिली पाहिजे. मूळ कथेतले सगळे पाप उचलून अपोलोच्या माथी मारल्यामुळे हेडीस धुतल्या तांदळासारखा होतो आणि वाचक निर्धास्तपणे त्याच्या प्रेमात पडू शकतो.

आता आईकडे वळू, कारण माझ्या मते खरी किंमत तिनेच मोजली आहे. 'लोर ऑलिम्पस'मध्ये डिमीटर मुलीला जगापासून कोंडून ठेवणारी, जाचक आई आहे. मुलीने तिच्यापासून सुटणे हेच तेथे स्वातंत्र्य. 'द गॉडेस टेस्ट'मध्ये तर शेवटी कळते की मरणपंथाला लागलेली आई स्वतःच डिमीटर आहे, आणि परीक्षा घेणाऱ्या देवमंडळात तीही बसलेली आहे. ज्या आईने लेकीसाठी साऱ्या सृष्टीचे धान्य रोखून धरले, ती येथे लग्न जुळवणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसते. मुलीला होकाराचा अधिकार देण्यासाठी आईचा नकार काढून घ्यावा लागला, असा हा हिशेब आहे. स्तोत्रातली मुलगी बराच काळ मुकी आहे. ती पहिल्यांदा सविस्तर बोलते ती परत आल्यावर, आईजवळ बसून. कुरणातल्या मैत्रिणींची नावे घेत ती आपली हकिगत स्वतः सांगते. मुलीला आवाज मिळतो तो आईपाशी, ही गोष्ट नव्या लेखिकांच्या नजरेतून निसटली.

होकाराचा प्रश्न आपल्याला परका नाही. निकाहात मुलीची रजामंदी अनिवार्य आहे. खनसा बिन्त खिदाम यांचे लग्न वडिलांनी त्यांच्या मनाविरुद्ध लावले तेव्हा पैगंबरांनी (स.) ते रद्द ठरवले, हे 'सहीह बुखारी'त नोंदलेले आहे. तत्त्व इतके स्वच्छ असताना व्यवहार कसा चालतो? वकील आणि गवाह पडद्याआड जाऊन विचारतात, तेव्हा बाहेर वरात आलेली असते, देगा चढलेल्या असतात, वडिलांची इज्जत पणाला लागलेली असते. अशा वेळी हललेली मान किती मोकळी असते? केटच्या करारात मला हाच प्रश्न दिसतो. विचारले गेले म्हणजे होकार झाला, एवढ्यावर तिची लेखिका थांबते. 'नाही' म्हटल्यावर मुलीला परत जायला घर आणि पाठीशी उभे राहणारे माणूस असेल, तरच तिच्या 'हो'ला अर्थ असतो. डिमीटर ते माणूस होती.

म्हणून या कादंबऱ्या मुलींच्या हातून काढून घ्याव्यात असे मी म्हणणार नाही. आपल्याला विचारले गेले पाहिजे ही जाणीव त्या देतात, आणि ती थोडी नाही. पण अपहरणकर्त्याला प्रियकर करताना आईला अडसर ठरवण्याची गरज नव्हती. अमेरिकन कवयित्री रीटा डव्ह यांच्या 'मदर लव्ह' (१९९५) या संग्रहात आई आणि मुलगी दोघी आपापल्या जागेवरून बोलतात आणि कोणाचा आवाज दुसरीला दाबत नाही. किशोर-युवा कादंबरीत हे अजून यायचे आहे. तोवर निदान त्या ४९५ ओळी साध्या, वाचनीय मराठी गद्यात आपल्या मुलींच्या हाती पडाव्यात, आणि त्यांच्या आयांच्याही. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून त्या दोघी जे बोलतील, ते कोणत्याही समीक्षेपेक्षा मोलाचे असेल.